लघवी-संडासच्या तक्रारी : कधी थांबायचं आणि कधी उठून डॉक्टरकडे जायचं

आमच्या लॅबच्या काउंटरवर रोज दिसणारी गोष्ट सांगतो. रक्ताचा रिपोर्ट न्यायला आलेला माणूस चारचौघांत मोठ्यानं विचारतो, "शुगर किती आली हो?" आणि लघवीची डबी द्यायला आलेला माणूस आधी मागे कोण उभं आहे ते बघतो, मग काळ्या पिशवीतून पेपरात गुंडाळलेली बाटली काढतो, काउंटरवर ठेवतो आणि दोन पावलं बाजूला सरकतो, जणू ती बाटली त्याची नाहीच. संडासचं सॅम्पल असेल तर मग विचारूच नका. एक वहिनी तर पदराखाली डबी धरून अर्धा तास बाकावर बसून होत्या, काउंटरवर बाईमाणूस येईपर्यंत.

मी डॉक्टर नाही हे आधीच सांगतो. तालुक्याच्या गावात पॅथॉलॉजी लॅबमधे १४ वर्षं टेक्निशियन आहे, म्हणजे निदान करणं माझं काम नाही, पण कोण किती उशिरा येतं ते मला रोज दिसतं. आणि उशीर होण्याची कारणं दोनच, एक म्हणजे लाज आणि दुसरं म्हणजे "होतंय की चालून, सहन होतंय". या दुसऱ्या कारणानं जास्त नुकसान होतं असं माझं मत आहे, कारण शरीराच्या या भागातले गंभीर आजार सुरवातीला बऱ्याचदा दुखतच नाहीत, आणि जे जीव खाऊन दुखतं, फिशर (शीच्या जागेची चीर) म्हणा किंवा उन्हाळी लागलेली म्हणा, ते पुष्कळदा साधं निघतं. म्हणून किती दुखतंय यावरून ठरवू नका. तीन गोष्टी बघा: हे माझ्यासाठी नवीन आहे का, किती दिवस टिकलंय, आणि सोबत आणखी काय आलंय. खालचं सगळं या तीन प्रश्नांवरच आहे.

पायरी १ : आधी ही यादी, यातलं काही असेल तर वाचत बसू नका, निघा

लघवी लागलीय पण येतच नाही, ओटीपोट टम्म झालंय, माणूस उठबस करतोय. याला लघवी तुंबणं म्हणतात आणि यात सकाळची वाट बघायची नसते. नळी घातली की पाच मिनिटांत माणूस माणसात येतो. प्रोस्टेट वाढलेल्या वयस्कर पुरुषांत सर्दीच्या साध्या गोळीनंही हे होतं, तेव्हा घरात आजोबांना मेडिकलमधून सर्दीची गोळी आणून देताना एवढं लक्षात ठेवा.

कंबर दुखतेय, पायात मुंग्या किंवा ताकद कमी झालीय, आणि त्यातच लघवी-संडासचा कंट्रोल बिघडलाय किंवा खालचा भाग बधिर झालाय. बधिर म्हणजे कुठला भाग? सायकलच्या सीटवर बसल्यावर जेवढा टेकतो तेवढा. आपल्याकडे ओळखायची सोपी खूण म्हणजे संडासला गेल्यावर धुताना पाण्याचा स्पर्श नीट कळत नाही. मणक्याच्या खालच्या टोकाच्या नसांचा झुपका दाबला गेला की असं होतं, आणि तो दाब एक-दोन दिवसांत मोकळा केला नाही तर कंट्रोल कायमचा जाऊ शकतो. इथे मालिश नको, हाड बसवणाऱ्याकडे जाणं नको, जिथे एमआरआय आणि मणक्याचा सर्जन आहे अशा ठिकाणी त्याच दिवशी जायचं.

शी काळी, डांबरासारखी चिकट आणि भयंकर वासाची होतेय, किंवा लाल रक्त भरपूर जातंय आणि चक्कर, घाम, छातीत धडधड आहे. काळी शी म्हणजे वर जठरात किंवा लहान आतड्याच्या सुरवातीला रक्तस्राव होत असू शकतो. गुडघे-कंबरेसाठी रोज दुखण्याच्या गोळ्या खाणाऱ्यांत हे नेहमी बघायला मिळतं.

पोट फुगलंय, शी नाही, वारासुद्धा सरत नाही, उलट्या होतायत. हे बद्धकोष्ठ नाही, आतडं अडकलेलं असू शकतं. अशा वेळी एरंडेल किंवा जुलाबाचं काही देऊ नका, जेवण बंद ठेवा आणि हॉस्पिटल गाठा.

लघवीला जळजळ होती, आता हुडहुडी भरून ताप आलाय, कुशीत दुखतंय, उलटी होतेय. इन्फेक्शन किडनीपर्यंत चढलं असं समजून त्याच दिवशी जायचं. त्यात मुतखडा आधीच माहीत असेल, बाई गरोदर असेल किंवा शुगर असेल तर अजिबातच थांबायचं नाही. मुतखडा अधिक ताप हे गणित वाईट असतं, कारण अडलेल्या लघवीतच इन्फेक्शन झालेलं असतं आणि नुसत्या गोळ्यांनी ते भागत नाही, अडलेली वाट मोकळी करावी लागते.

बाळ अचानक कळवळून रडतं, पाय पोटाशी घेतं, मग शांत होतं, पुन्हा रडतं, आणि शी लालसर जेलीसारखी झालीय. सहा महिने ते दोन वर्षांच्या बाळांत आतड्यात आतडं शिरतं तेव्हा असं होतं. आणि जुलाब होणाऱ्या कुठल्याही मुलानं सहा-आठ तास लघवीच केली नसेल, डोळे खोल गेलेत, मलूल पडलंय, तर ओआरएस पाजत पाजतच निघायचं.

महाराष्ट्रात १०८ ला फोन केला की अॅम्ब्युलन्स फुकट येते. रिक्षा मिळत नाही म्हणून रात्र काढू नका.

आता इथे जरा थांबून एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती यादीत नीट बसत नाही. एक आजोबा क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, करायला आले होते, सोबत मुलगा. मी सहज विचारलं लघवी होते ना नीट, तर आजोबा म्हणाले, "होते की, दिवसभर होते, धोतर ओलं असतं." मुलगाही म्हणाला, हो, उलट जास्तच होते, थांबतच नाही. रिपोर्ट आला तर क्रिएटिनिन सहाच्या पुढे, म्हणजे खूपच वाढलेलं. डॉक्टरांनी नळी घातली तेव्हा लिटरभराहून जास्त लघवी निघाली. म्हणजे पोटातली लघवीची पिशवी काठोकाठ भरलेली आणि वरचं सांडतंय, रांजण भरून ओघळतो तसं. घरच्यांना वाटत होतं "जास्त होते", आणि खरं तर ती होतच नव्हती. म्हाताऱ्या माणसाला सतत थेंब थेंब गळत असेल तर "वय झालं" म्हणून डायपर आणायच्या आधी सोनोग्राफी करून पिशवीत लघवी किती साठतेय ते बघून घ्या.

संडासचंही अगदी असंच होतं. खडा झालेली शी आत अडकते आणि तिच्या बाजूनं पातळ पाणी झिरपतं, घरचे म्हणतात जुलाब लागलेत, मग जुलाब थांबवायची गोळी देतात, आणि आतला खडा आणखी घट्ट. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांत हे होतं आणि शाळकरी मुलांतही. चड्डीला रोज डाग लागतो म्हणून मार खाणारी पोरं मी बघितलीत, आणि त्या पोराला कळतही नसतं की शी बाहेर आलीय. मारू नका हो, बालरोगतज्ज्ञांना दाखवा, औषधानं होतं बरं.

पायरी २ : काय खाल्लं आणि कुठली गोळी चालू आहे

घाबरून जायच्या आधी दोन दिवस मागे जाऊन आठवा. बीट खाल्लं तर लघवी आणि शी दोन्ही लालसर होऊ शकतात. टीबीच्या औषधांतल्या रिफॅम्पिसिननं लघवी नारिंगी-लाल होते, ते अपेक्षितच असतं. लोहाच्या गोळ्यांनी शी काळी-हिरवट होते पण ती डांबरासारखी चिकट नसते. शुगरची मेटफॉर्मिन सुरू केल्यावर पहिले काही आठवडे पोट बिघडतं, पुष्कळांना जुलाब होतात. शुगरची डॅपाग्लिफ्लोझिनसारखी गोळी साखर लघवीवाटे बाहेर काढते, त्यामुळे लघवी वाढते आणि खाज, बुरशी यांचा त्रासही होतो. बीपीच्या ज्या गोळीत पाणी काढणारा भाग असतो तिनंही सारखं जावं लागतं. कॅल्शियम, कोडीनवालं खोकल्याचं औषध, दुखण्यावरची ट्रामाडॉल यांनी संडास घट्ट होते. अँटिबायोटिकनं पातळ होते, आणि कोर्स संपून काही दिवसांनीही सुरू होऊ शकते.

कारण सापडलं तरी गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही. लिहून देणाऱ्या डॉक्टरांना फोन करा, वेळ बदलून किंवा डोस बदलून बऱ्याचदा काम होतं. आणि बीटाचं निमित्त दोन दिवसच चालतं. तिसऱ्या दिवशी बीट न खाता लाल दिसलं तर ते बीट नाही.

पायरी ३ : वही घाला

हे सगळ्यात कंटाळवाणं काम आणि माझ्या मते सगळ्यात कामाचं. डॉक्टरांसमोर बसल्यावर "किती वेळा जावं लागतं?" असं विचारलं की ९० टक्के लोक म्हणतात "सारखं". सारखं म्हणजे किती? १० का २५? या उत्तरावर पुढच्या तपासण्या ठरतात.

लघवीसाठी तीन दिवस पुरेत. एक जुना मोजमापाचा प्लॅस्टिकचा मग बाथरूममधे ठेवा. दर वेळी वेळ लिहा, किती मिली झाली ते लिहा, आणि बाजूच्या रकान्यात चहा, पाणी, ताक काय किती प्यायलात ते. झोपेतून उठून किती वेळा गेलात ते वेगळं, कपडे ओले झाले असतील तर तेव्हा काय करत होतात ते, म्हणजे शिंकलात का, बादली उचलली का, की दारात किल्ली लावताना एकदम लागली आणि धरता आली नाही.

यातून काय कळतं बघा. दर वेळी ३०० ते ४०० मिली होतेय आणि दिवसाची बेरीज ३ लिटरच्या वर जातेय, तर लघवी तयारच जास्त होतेय, म्हणजे शुगर बघायला हवी, पाणी किती पितो ते बघायला हवं. दर वेळी ५०-८० मिलीच होतेय पण २० वेळा जावं लागतंय, तर पिशवीकडे बघायला हवं: इन्फेक्शन, खडा, प्रोस्टेट, किंवा पिशवीच जास्त चिडकी झालेली. दोन्ही माणसं काउंटरवर "सारखं जावं लागतं" एवढंच सांगतात. साधारण दिवसात सहा ते आठ वेळा आणि रात्री एखादवेळा, हे बहुतेकांचं नॉर्मल असतं.

संडाससाठी दोन आठवडे लिहा. दिवसातून तीन वेळा ते आठवड्यातून तीन वेळा, एवढी मोठी रेंज नॉर्मल धरतात, त्यामुळे "रोज सकाळी सहाला झालीच पाहिजे" हा आपल्या घराघरातला नियम वैद्यकशास्त्रात नाही. आकडा नाही, बदल महत्त्वाचा. आकारासाठी डॉक्टर लोक एक तक्ता वापरतात, ब्रिस्टल स्टूल चार्ट, १९९७ मधे इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या डॉक्टरांनी छापलेला, त्यात सात प्रकार आहेत. १ म्हणजे शेळीच्या लेंड्या, २ म्हणजे गाठीगाठींचं घट्ट, ३ आणि ४ म्हणजे केळ्यासारखं नीट, ५ पासून पुढे सैल होत ७ म्हणजे नुसतं पाणी. फोनवर शोधलात तर चित्र मिळेल, रोज फक्त आकडा लिहायचा, घरात कुणी वही वाचली तरी काही कळत नाही, हा वरचा फायदा.

रक्त असेल तर कसं आहे ते लिहा: शी झाल्यावर टपटप थेंब पडले का, शीला बाहेरून लागलंय का, की शीत मिसळलंय आणि आव आहे. फोटो काढला तरी चालतो. मला माहितेय वाचताना तोंड वाकडं झालं असेल, पण डॉक्टरांना त्याचं काही वाटत नाही, आणि "थोडंसं लाल होतं"पेक्षा एक फोटो दहा पट जास्त सांगतो. महिन्यातून एकदा वजन पण लिहा, त्याच काट्यावर.

पायरी ४ : रात्रीतून काही होणार नाही, पण आठवड्याभरात दाखवायचंच

लघवीत रक्त, न दुखता, एकदाच. याला मी सगळ्यात वर ठेवतो. लघवी लाल झाली, दुसऱ्या दिवशी पिवळी झाली, माणूस म्हणतो उष्णता झाली होती, सब्जा प्यायलो, गेली. सब्जानं गेली नाही, ती अशीच येते आणि जाते. मूत्राशयाच्या कॅन्सरची पहिली खूण पुष्कळदा हीच असते, न दुखणारं रक्त, मधेच महिना महिना गायब होणारं. दुखणारं रक्त बहुतेकदा खडा किंवा इन्फेक्शन निघतं. बिडी-सिगरेट ओढणारा, चाळिशी-पंचेचाळिशी ओलांडलेला माणूस असेल तर एकदा दिसलेलं रक्तसुद्धा युरॉलॉजिस्टला (लघवीच्या आजारांच्या डॉक्टरला) दाखवायचं, परत दिसायची वाट न बघता. अर्थात प्रत्येक लाल लघवी कॅन्सर नसते, बहुतेक वेळा नसतेच, पण ते तपासून ठरतं.

संडासवाटे रक्त. इथे आपल्याकडचं उत्तर तयार असतं: मूळव्याध. एसटी स्टँडच्या भिंतीवर, रेल्वेच्या कडेला, विजेच्या खांबावर सगळीकडे "मूळव्याध, भगंदर, बिना ऑपरेशन, एका दिवसात" रंगवलेलं असतं आणि माणूस थेट तिथे जातो. मूळव्याध असेलही, बहुतेक वेळा असतेच, पण ती आहे हे कुणीतरी बघून सांगायला हवं ना? डॉक्टर हातमोजा घालून बोटानं तपासतात, त्याला एक मिनिटही लागत नाही, आणि तेवढ्यात गुदाशयाच्या खालच्या भागातली गाठ बऱ्याचदा हाताला लागते. लोक याच तपासणीला नाही म्हणतात आणि वर्षभर मलम लावत बसतात. गुदाशयाचा कॅन्सर फक्त म्हाताऱ्यांचा नाही, आपल्याकडे तिशी-पस्तिशीतही सापडतो. मूळव्याध आधीपासून असली तरी रक्ताची पद्धत बदलली तर पुन्हा दाखवा, मूळव्याध असलेल्या माणसाला दुसरा आजार होत नाही असं काही नसतं.

संडासची सवय बदलून तीन आठवड्यांच्या वर झाले. आधी नीट होत होती, आता कधी घट्ट कधी पातळ, किंवा जाऊन आल्यावरही वाटतं पोट साफ झालं नाही, परत जाऊन कुंथत बसावं लागतं. सोबत वजन उतरलंय, भूक गेलीय, संध्याकाळी बारीक ताप येतो, हिमोग्लोबिन कमी आलंय, किंवा घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर झालेला, तर तीन आठवडेही थांबू नका. आपल्याकडे आतड्याचा टीबीही याच रूपात येतो, तो औषधानं बरा होतो. एक उपयोगी खूण सांगतो: टेन्शननं वाढणारा आयबीएसचा, म्हणजे चिडक्या आतड्याचा, त्रास सहसा गाढ झोपेतून उठवत नाही. रात्री अडीचला जुलाबानं जाग येत असेल तर "टेन्शन घेऊ नका" या सल्ल्यावर समाधान मानू नका. तसंच पुरुषात, किंवा पाळी गेलेल्या बाईत, लोह कमी होऊन हिमोग्लोबिन उतरलं असेल तर नुसत्या लोहाच्या गोळ्या आणि खजूर पुरेसे नाहीत, रक्त पोटातून कुठे जातंय का ते बघावं लागतं.

बायकांचं पोट फुगणं. पन्नाशीच्या आसपासची बाई, महिनाभर बहुतेक दिवस पोट फुगल्यासारखं, दोन घास खाल्ले की भरतं, ओटीपोटात जड, लघवीला सारखं. घरात उत्तर तयार असतं, गॅस झालाय, ओवा खा. यात अंडाशयाचा आजार लपू शकतो, म्हणून गॅसच्या गोळ्यांचा तिसरा पत्ता फोडायच्या आधी गायनॅककडे जाऊन सोनोग्राफी करा.

लघवीची धार बारीक झालीय, सुरू व्हायला वेळ लागतो, रात्री तीन-चार वेळा उठावं लागतं: युरॉलॉजिस्ट किंवा जनरल सर्जन. घाई नाही, पण मघाचे आजोबा आठवा.

लघवी-संडासच्या त्रासाबरोबर नसांचं काहीतरी आहे, म्हणजे पाय अडखळतात, चप्पल पायातून निसटते आणि कळत नाही, हात बधिर, मधे काही दिवस एका डोळ्यानं धूसर दिसलं होतं, किंवा पाठीच्या मणक्यात एका जागी दुखतं आणि रात्री वाढतं. या वेगवेगळ्या तक्रारी म्हणून वेगवेगळ्या डॉक्टरांना सांगू नका. एकाच डॉक्टरसमोर एकत्र सांगा. मेंदू, मणका आणि मूत्राशय एकाच वायरिंगवर चालतात, त्यामुळे मणक्याचा टीबी असो नाहीतर नसांचा दुसरा आजार, जोडणी केल्याशिवाय लक्षात येत नाही.

लहान मुलांचं थोडक्यात. पाच वर्षांपर्यंत अंथरूण ओलं करणं नॉर्मल. पण सहा महिने कोरडं राहिलेलं मूल परत करायला लागलं आणि सोबत तहान वाढली, वजन उतरलं, तर त्याच दिवशी शुगर तपासा. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला ताप आहे आणि कारण सापडत नाही, तर लघवी तपासून घ्या, आणि बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल तर ताप दिसला की त्याच दिवशी डॉक्टर. मुलग्याची धार जन्मापासून थेंब थेंब असेल तर ते "मोठा झाला की होईल" मधलं नाही. आणि ही गोष्ट प्रत्येक आजीला माहीत हवी: नवजात बाळाची कावीळ १४ दिवसांनंतरही आहे आणि शी पांढरट, खडूसारखी आहे, तर कोवळं ऊन दाखवत बसू नका. पित्ताची वाट बंद असू शकते आणि तिचं ऑपरेशन बाळ दोन महिन्यांचं व्हायच्या आत झालं तर चांगलं यश येतं.

बाळंतपणानंतर खोकलं-शिंकलं की थेंब जाणं, अंग बाहेर येणं, वारा धरता न येणं, हे जिवावरचं नाही पण "बाईचा जन्मच तो" हे पण खरं नाही. व्यायामानं, पेसरीनं (आत बसवायच्या कडीनं), लागलंच तर ऑपरेशननं बरं होतं. यासाठी बायका लग्नकार्याला जायचं सोडतात, एसटीत बसायचं म्हणून सकाळपासून पाणी पीत नाहीत. वाटेत स्वच्छ संडास नसतात हा दोष त्यांचा नाही, पण पाणी तोडल्यानं इन्फेक्शन आणि खडा दोन्ही वाढतात.

मग थांबायचं कशाला? लग्नात जेवून आल्यावर दोन दिवस पोट बिघडलं, प्रवासात चार दिवस झाली नाही, परीक्षेच्या सकाळी तीनदा जावं लागलं, उन्हातान्हात फिरून एक दिवस जळजळ झाली, यात रक्त नाही, ताप नाही, तर ओआरएस, ताक, धण्याचं पाणी, इसबगोल खुशाल घ्या. जळजळ दोन दिवसांत गेली नाही तर मात्र लघवी तपासा. पुरुष, गरोदर बाई आणि शुगरवाल्यांनी दोन दिवसही थांबू नये.

पायरी ५ : कुणाकडे जायचं आणि काय बोलायचं

पहिल्यांदा आपला नेहमीचा फॅमिली डॉक्टर किंवा सरकारी दवाखाना. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी-उपचार मोफत आहेत, तेव्हा पैशापायी अडून राहू नका.

आत गेल्यावर "पोटाचा प्रॉब्लेम आहे" एवढंच बोललात तर अॅसिडिटीची गोळी हातात पडेल, यात डॉक्टरांची चूक नाही. पहिलं वाक्य घरूनच पाठ करून जा: "डॉक्टर, २० दिवसांपासून शीतून रक्त जातंय, न दुखता, तीन किलो वजन उतरलंय." संपलं. बोलवत नसेल तर चिठ्ठीवर लिहून पुढे सरकवा. बाई डॉक्टर हवी असेल तर तसं मागा, तपासताना सोबत कुणीतरी बाई थांबेल का विचारा, हा तुमचा हक्क आहे. सासूबाईंसमोर किंवा मुलासमोर सांगता येत नसेल तर त्यांना बाहेर बसायला सांगा. चालू गोळ्यांचे पत्ते पिशवीत घालून न्या, "पांढरी छोटी गोळी" या वर्णनाच्या हजार गोळ्या आहेत.

पायरी ६ : सॅम्पल नीट द्या, हा माझा विषय

खोकल्याच्या औषधाची धुतलेली बाटली आणू नका. लॅबमधे डबी मिळते, तीच घ्या. आधी पाण्यानं जागा धुवा, पहिली धार संडासात सोडा, मधली डबीत धरा, शेवटची परत सोडा. पाळी चालू असेल तर सांगा, नाहीतर रिपोर्टमधे रक्ताच्या पेशी येतात आणि तुम्ही उगाच घाबरता. कल्चर (जंतू वाढवून बघायची तपासणी) सांगितलं असेल तर अँटिबायोटिकची पहिली गोळी घ्यायच्या आधी सॅम्पल द्या, हे लोक नेहमी उलटं करतात, तीन दिवस गोळ्या खाऊन मग येतात आणि कल्चरमधे काही उगवत नाही. तास-दोन तासांत पोचवा, जमत नसेल तर डबी पिशवीत बांधून फ्रिजमधे ठेवा, हो, भाजीच्या कप्प्यात, काही होत नाही.

शीचं सॅम्पल पाणी किंवा लघवी मिसळलेलं नको, भारतीय संडासात आधी पेपर पसरा आणि त्यावरून आवळ्याएवढं घ्या, रक्त किंवा आव दिसतेय तिथलंच घ्या. डबी काठोकाठ भरू नका. का ते मला विचारू नका, फक्त एवढं समजा की झाकण उघडणारा माणूस मीच असतो. आणि नाव झाकणावर नको, डबीवर लिहा, झाकणं बदलतात.

पायरी ७ : रिपोर्ट हातात आल्यावर

लघवीत पस सेल्स (पूच्या पेशी) ४-५ आल्या की लोक फोटो काढून नातेवाईकांच्या ग्रुपवर टाकतात. पाचपर्यंत साधारण नॉर्मल धरतात. सोबत एपिथेलियल सेल्स (कातडीच्या पेशी) खूप असतील तर सॅम्पलच नीट घेतलं गेलं नव्हतं, परत द्या. कल्चरमधे जंतू आले पण त्रास काहीच नाही, तर बहुतेकांना औषध लागत नाही, गरोदर बायका सोडून, त्यांना लागतं. पस सेल्स भरपूर पण कल्चर पुन्हा पुन्हा कोरं येतंय, तर "इन्फेक्शन नाही" असं समजू नका, मूत्रमार्गाचा टीबी असा लपतो, डॉक्टरांना तसं स्पष्ट विचारा. पीएसए ही प्रोस्टेटची तपासणी लघवीचं इन्फेक्शन चालू असताना किंवा नुकतीच नळी घातलेली असताना करू नका, आकडा फुगून येतो आणि महिना-दीड महिना झोप उडते. सोनोग्राफीत "पोस्ट व्हॉइड" म्हणून आकडा असतो, लघवी करून आल्यावर पिशवीत किती उरली त्याचा. ५० मिलीच्या आत असेल तर छान, २०० च्या वर असेल तर तो कागद घेऊन परत डॉक्टरांकडे जा.

आणि सगळे रिपोर्ट नॉर्मल आले तर? तर त्या दिवशीपुरत्या, तेवढ्या तपासण्या नॉर्मल आल्या. त्रास थांबला असेल तर विषय संपला. थांबला नसेल तर वही चालू ठेवा आणि डॉक्टरांना निघतानाच विचारा, "किती दिवसांत फरक पडायला हवा, आणि नाही पडला तर पुढे काय?" ती तारीख वहीच्या पानावर लिहून टाका. त्या तारखेला त्रास असेल तर नवीन डॉक्टर शोधू नका, त्याच डॉक्टरांकडे तीच वही आणि जुने सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून न्या, म्हणजे परत लघवी-रक्तापासून सुरवात न होता त्यांना पुढची तपासणी, दुर्बीण असो किंवा एमआरआय, लिहून देता येते.